नागपूरचे रस्ते पोस्टकार्डावर: छायाचित्रापासून टपालपेटीपर्यंत

शहराच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे करायची ठरवली की पुष्कळ जण फोनमधली जुनी छायाचित्रे चाळायला बसतात, त्यातली दहा-बारा आवडती निवडतात आणि थेट छपाईच्या दुकानात जातात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. कार्ड कोणाला जाणार आणि ते केवढे असणार, हे आधी ठरवावे, आणि मग त्या मापाला व त्या माणसाला साजेसे छायाचित्र काढायला बाहेर पडावे. पोस्टकार्ड हे मुळात पत्र आहे. ते पाठवले जाणार, त्यावर कोणीतरी हाताने लिहिणार, पोस्टमन ते दारात देणार, हे लक्षात ठेवून काढलेले छायाचित्र आणि भिंतीवर लावण्यासाठी किंवा फोनवर दाखवण्यासाठी काढलेले छायाचित्र यांत बराच फरक पडतो.

मापापासून सुरुवात करू. भारतीय टपाल खात्याचे नेहमीचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. बाजारात चित्रकार्डांसाठी ए-६ हे मापही चालते, ते १४.८ गुणिले १०.५ सेंटिमीटर भरते आणि हातात थोडे भरदार वाटते. पहिल्यांदा कार्डे करणाऱ्याने मात्र १४ गुणिले ९ हेच माप घ्यावे, असा माझा आग्रह आहे. एक तर टपालाच्या खिडकीवर या मापाविषयी कधी शंका निघत नाही, आणि दुसरे कारण छपाईच्या कागदाशी निगडित आहे, त्याचा हिशेब पुढे दिला आहे. हे माप ठरले की छायाचित्राचा किती भाग कापला जाणार, हेही ठरते. लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन या प्रमाणात असते. ती १४ सेंटिमीटर लांबीला बसवली तर उंचीतून अगदी थोडा, तीन-साडेतीन टक्के भाग जातो. फोनची चौकट मात्र चारास तीन असते आणि तिथे उंचीचा सुमारे सातवा हिस्सा कापावा लागतो. म्हणून फोनवर छायाचित्र घेताना वर आणि खाली मुद्दाम मोकळी जागा सोडावी, नाहीतर देवळाचा कळस किंवा रस्त्यावरच्या माणसाचे पाय कापले जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे एवढ्याशा जागेत काय मावते, याचा अंदाज. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर इतवारीच्या सराफा ओळीतले पन्नास फलक, गर्दी, हातगाड्या आणि वरच्या तारा हे सगळे एकत्र छान दिसते. कार्डावर तेच छायाचित्र करडे आणि गिचमिड होते. याची चाचणी सोपी आहे. फोन आडवा धरून छायाचित्र पडदाभर उघडावे, कारण आजच्या फोनचा पडदा पोस्टकार्डाच्या जवळपास जाणारा असतो, आणि हात लांब करून पाहावे. चित्रात नेमके काय आहे हे एका क्षणात कळले नाही, तर ते कार्डासाठी नाही. कार्डाला एकच मुख्य विषय हवा, आणि त्याच्याभोवती तो कोणत्या गावातला आहे हे सांगणारी एखादी खूण हवी.

कोणते नागपूर निवडावे

शून्य मैलाचा स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे, दीक्षाभूमीचा स्तूप, फुटाळा तलावावरची मावळती आणि संत्र्यांचे ढीग ही चार चित्रे नागपूरच्या नावाने सर्वत्र फिरत असतात. ती काढू नयेत असे मी म्हणणार नाही. बाहेरगावच्या माणसाला पहिले कार्ड पाठवताना ओळखीची जागाच उपयोगी पडते, आणि दीक्षाभूमीच्या बाबतीत तर त्या वास्तूशी लाखो लोकांच्या आयुष्याचा संबंध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तिथे धम्मदीक्षा घेतली, आणि आजही अशोक विजयादशमीला तिथे येणाऱ्या कोणाच्या घरी त्या स्तूपाचे कार्ड पोहोचले, तर ते वर्षानुवर्षे भिंतीवर राहते. पण या जागांची नेहमीची, समोरून काढलेली छायाचित्रे हजारोंनी उपलब्ध आहेत. आपल्या कार्डाला अर्थ यायचा असेल, तर आपण रोज जिथून पाहतो तिथून ती जागा दाखवावी. शून्य मैलाचा स्तंभ बसच्या खिडकीतून, सिग्नलला थांबलेल्या दुचाकींच्या मागे उभा असलेला असा दिसतो. विधानभवनाकडे जाणाऱ्या नागपूरकराच्या मनात त्याचे चित्र तेच आहे.

त्याहून अधिक लक्ष जुन्या शहराकडे आणि अगदी नव्या शहराकडे द्यावे, असे मला वाटते, कारण बदल या दोन ठिकाणी सर्वांत वेगाने होत आहेत. महाल या जुन्या वस्तीत भोसल्यांच्या काळातला जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधी गेट, अजून रहदारीच्या मधोमध उभा आहे. त्याच्या कमानीतून येणारी सायकल किंवा ऑटो ही एकच गोष्ट कार्डाला पुरते. बडकस चौकाच्या आसपास लाकडी खांबांचे आणि नक्षीदार तुळ्यांचे जे वाडे उरले आहेत, ते सगळेच दहा वर्षांनी असतील असे कोणी सांगू शकत नाही. गांधीसागराच्या काठावरची सकाळ, कस्तुरचंद पार्कच्या मैदानातली छत्री, रेल्वे स्थानकाची १९२५ सालची वाळूच्या दगडाची इमारत आणि तिच्यासमोरची घाई, कॉटन मार्केटमधली पहाटेची भाजीची पोती, बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवरची संध्याकाळ, हे सगळे विषय कार्डाच्या आवाक्यातले आहेत. नव्या शहरातला माझा आवडता विषय गड्डीगोदामचा आहे. तिथे रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर एकावर एक आले आहेत, आणि ते उभ्या कार्डात फार चांगले बसतात. वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटर लांबीच्या दुमजली पुलाखालून दिसणारी खांबांची रांगही तशीच. तिथे आडवी चौकट घ्यावी आणि एखादा पायी जाणारा माणूस चौकटीत येईपर्यंत थांबावे, म्हणजे खांब केवढे आहेत ते कळते.

मारबतीचा वेगळा उल्लेख करतो, कारण ती खास नागपूरची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे उंच पुतळ्यांची मिरवणूक, जुन्या शहराच्या गल्ल्यांतून निघते, मागोमाग त्या वर्षीच्या प्रश्नांवर टीका करणारे बडगे नावाचे पुतळे येतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी सगळीकडे ऐकू येते. या दिवशी गर्दीत शिरून छायाचित्र काढण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या घराच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. मारबत उंच असते; खालून काढली तर आभाळच जास्त येते, आणि गॅलरीतून काढली तर तिचा चेहरा समोर येतो आणि खाली माणसांची दाटी दिसते. बडग्यांवरचा मजकूर बऱ्याचदा व्यक्तींची नावे घेऊन केलेला असतो, म्हणून कार्डासाठी असे छायाचित्र निवडताना तो नीट वाचून घ्यावा.

ऊन, वेळ आणि उभे राहण्याची जागा

नागपूरच्या उन्हाचा हिशेब पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. हे शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर सावल्या आखूड होतात, आभाळ धुळीने पांढरे पडते आणि इमारतींच्या भिंती सपाट दिसू लागतात. उन्हाळ्यात काम करायचेच असेल तर साडेपाच ते साडेसात हीच वेळ आहे. कार्डांसाठी सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आहे: पावसाने हवा धुतलेली असते, सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो आणि दगडी इमारतींवर तिरपे ऊन पडते. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे, आभाळ गडद निळे असताना आणि दुकानांचे दिवे लागलेले असताना, बर्डी आणि सदर इथली छायाचित्रे घ्यावीत. पूर्ण अंधार झाला की छापताना काळ्या रंगाचे डाग उरतात.

महाल आणि इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत सकाळी सातला काही मिळत नाही, कारण ऊन वरच्या मजल्यांवरच अडकलेले असते. तिथे साडेनऊ-दहाच्या सुमारास जावे. समोरच्या भिंतीवरून परतून आलेला मऊ उजेड गल्लीत खालपर्यंत पोहोचतो, आणि दुकाने उघडण्याची वेळही तीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये एखादी जोरदार सर थांबल्याबरोबर बाहेर पडावे. ओला डांबरी रस्ता आभाळाचा उजेड वर फेकतो आणि एरवी कळकट दिसणारा चौकही त्या अर्ध्या तासात छापण्याजोगा दिसतो.

इमारती काढताना होणारी एक सर्वसाधारण चूक म्हणजे फोन वर कलवणे. तसे केले की इमारतीच्या उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकतात आणि वास्तू मागे पडल्यासारखी दिसते. फोन जमिनीशी काटकोनात धरावा, शक्य तितके मागे जावे, समोरच्या इमारतीच्या जिन्यावर किंवा पादचारी पुलावर चढावे आणि खालचा नको असलेला रस्ता नंतर कापावा. सॉफ्टवेअरने कडा सरळ करता येतात, पण त्यात बाजूचा भाग वाया जातो, म्हणून तसे करायचे असल्यास दोन्ही बाजूंना जागा ठेवूनच छायाचित्र घ्यावे. लांबचा विषय फोनच्या झूमने जवळ आणू नये. पुढे चालत जावे. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हे माप धरले जाते आणि १४ गुणिले ९ सेंटिमीटरला १६५४ गुणिले १०६३ पिक्सेल पुरतात. कोणत्याही चांगल्या फोनचे मूळ छायाचित्र याहून कितीतरी मोठे असते, मात्र व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेले छायाचित्र दाबून लहान केलेले असते. मित्रांकडून छायाचित्रे मागवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावीत.

परवानगी आणि मर्यादा

रस्त्यावरून दिसणारी इमारत किंवा सार्वजनिक जागी कायम उभा असलेला पुतळा यांचे छायाचित्र काढणे आणि ते प्रसिद्ध करणे याला भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना मात्र ही सवलत तशीच लागू होत नाही. त्यामुळे एखाद्या उड्डाणपुलाच्या खांबावरचे चित्र हाच कार्डाचा मुख्य विषय असेल, तर चित्रकाराला शोधून त्याची संमती घ्यावी आणि मागे त्याचे नाव छापावे. आपण स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्राचा हक्क आपलाच असतो; दुसऱ्याचे छायाचित्र, ते इंटरनेटवर कितीही सहज मिळाले तरी, कार्डावर घेऊ नये.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशी तो लोकांसाठी उघडतो, पण तेवढ्याने तिथे छायाचित्रे काढण्याची मोकळीक मिळते असे नाही. पाटी वाचावी आणि जवानाने सांगितलेले ऐकावे. उच्च न्यायालय आणि विधानभवन यांची छायाचित्रे बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून घ्यावीत. रेल्वे स्थानक आणि मेट्रोच्या आवारात विक्रीसाठी छायाचित्रण करायचे असल्यास आधी लेखी परवानगी मागावी. मंदिर, मशीद, चर्च आणि विहार यांच्या आत कॅमेरा काढण्यापूर्वी तिथल्या व्यवस्थापकांना विचारावे.

माणसांच्या बाबतीत कायद्यापेक्षा सभ्यतेचा प्रश्न मोठा आहे. गर्दीतला पाठमोरा माणूस वेगळा, आणि ज्याचा चेहरा कार्डाचा अर्धा भाग व्यापतो तो तर्री पोह्याचा ठेलेवाला वेगळा. त्या ठेलेवाल्याला विचारलेच पाहिजे, आणि त्याला सांगितले पाहिजे की हे छापून वाटले जाणार आहे. “दादा, याचं कार्ड छापणार आहे, तुम्हाला चालेल का?” एवढे विचारायला काही लागत नाही. कार्ड तयार झाल्यावर त्याच्या पाच-दहा प्रती त्याला नेऊन द्याव्यात. लहान मुलांची ओळख पटेल अशी छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय वापरू नयेत, आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसाला कार्डाचा विषय करू नये.

छपाईआधीची तयारी

पडद्याला स्वतःचा उजेड असतो आणि कागदाला नसतो. पडद्यावर योग्य वाटणारे छायाचित्र छापल्यावर बहुतेक वेळा गडद येते. म्हणून मध्यम छटा थोड्या उजळ कराव्यात, सावल्यांमधला तपशील किंचित वर आणावा आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवून निर्णय घ्यावा. छपाई चार शाईंची असते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत भगवा, नारिंगी आणि निळा रंग कागदावर जरा मवाळ उतरतो. संत्र्याच्या छायाचित्रात हे विशेष जाणवते. रंग आणखी भडक करून काही साधत नाही. फळाशेजारची पाने, पोते आणि सावली नीट राहू दिली तर नारिंगी आपोआप उठून दिसतो.

तारा, होर्डिंग आणि कचरापेटी पुसून टाकाव्यात का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझे उत्तर नकारार्थी आहे. हे कार्ड शहराची नोंद म्हणून उरणार आहे, आणि आज जे तिथे आहे ते पुढच्या माणसाला दिसायला हवे. एखादी तार खटकत असेल तर दोन पावले सरकून दुसरे छायाचित्र घ्यावे. जे तिथे नव्हते ते, म्हणजे उडणारे पक्षी, दुसरीकडचे आभाळ किंवा यंत्राने निर्माण केलेला धुके-पाऊस, कार्डावर कधीही घालू नये.

मागची बाजू

कार्ड करणारे पुष्कळ लोक सगळे लक्ष पुढच्या बाजूला देतात आणि मागच्या बाजूवर एक रेघ ओढून मोकळे होतात. वास्तविक पाठवणाऱ्याचा सगळा संबंध मागच्या बाजूशी येतो. पोस्टकार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत सुरू झाले आणि भारतात १ जुलै १८७९ पासून आले, तेव्हा एक संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे. पुढे चित्रकार्डे आली तेव्हा लोकांना चित्राच्या कडेलाच मजकूर कोंबावा लागे. १९०२ मध्ये ब्रिटनने मागची बाजू विभागायला परवानगी दिली, आणि डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता ही आजची रचना तिथून रूढ झाली.

१४ सेंटिमीटर लांबीत डावीकडची साडेसहा सेंटिमीटर मजकुराला आणि उजवीकडची साडेसात पत्त्याला द्यावीत. उजव्या वरच्या कोपऱ्यात ४ गुणिले ३ सेंटिमीटर जागा तिकिटासाठी कोरी ठेवावी, कारण स्मारक तिकिटे नेहमीच्या तिकिटांपेक्षा मोठी असतात. तिकिटाच्या डावीकडेही काही छापू नये. शिक्का तिथवर येतो. पत्त्यासाठी चार फिकट रेघा आणि खाली पिनकोडचे सहा चौकोन छापावेत. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. निदान मराठी कार्डावर तरी ते सहा चौकोन आवर्जून असावेत.

डाव्या भागाच्या अगदी खाली, लहान अक्षरांत, चित्राची ओळ छापावी. ‘नागपूर’ एवढे लिहून भागत नाही. जागेचे नाव, कोणत्या बाजूने पाहिले ते, महिना आणि वर्ष, आणि छायाचित्रकाराचे नाव हे चार तपशील असावेत: ‘गांधी गेट, महाल, पूर्वेकडून, डिसेंबर’ आणि पुढे वर्ष. वीस वर्षांनी कोणाच्या तरी कपाटातून ते कार्ड निघाले तर याच ओळीमुळे त्याचा उपयोग होईल. अक्षरांसाठी मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ असलेला युनिकोड फॉन्ट वापरावा. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा असा फॉन्ट मोफत मिळतो. छपाईच्या दुकानात बऱ्याचदा मांडणीचे जुने कोरलड्रॉ सॉफ्टवेअर असते आणि त्यात युनिकोड उघडले की जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणून फाइल देण्यापूर्वी अक्षरे कर्व्ह करावीत, म्हणजे त्यांचे आकृतीत रूपांतर करावे, किंवा फॉन्टसह पक्की पीडीएफ द्यावी, आणि दुकानातल्या पडद्यावर प्रत्येक शब्द स्वतः पुन्हा वाचावा.

कागद आणि छपाई

थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई घ्यावी. एकाच चित्राच्या हजारभर प्रती हव्या असतील तरच ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई, परवडते. कागद साधारण ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा असावा. १४ गुणिले ९ च्या कार्डाचे वजन त्यात चार ग्रॅमच्या आतच राहते, आणि ते टपालाच्या थैलीत दुमडतही नाही. महत्त्वाची बाब अशी की कागदाची एकच बाजू गुळगुळीत असावी. दुकानदार सवयीने दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेला आर्ट कार्ड काढतात; त्यावर बॉलपेन घसरते, जेलची शाई वाळत नाही आणि टपालाचा शिक्का अंगठ्याने पुसला जातो. मागची बाजू कोरी, खरखरीत हवी, असे स्पष्ट सांगावे, आणि एक तुकडा मागून त्यावर आपल्या पेनाने लिहून, दहा सेकंदांनी बोट फिरवून पाहावे. पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन करता येते, पावसाळ्यात त्याचा फायदाही होतो. मात्र एकाच बाजूला लॅमिनेशन केलेले पातळ कार्ड वळते, म्हणून ते जाड कागदावरच करावे.

आता कागदाचा हिशेब. डिजिटल छपाईत १२ गुणिले १८ इंचाचा कागद सर्रास वापरला जातो, म्हणजे साधारण ३०५ गुणिले ४५७ मिलिमीटर. चित्र कडेपर्यंत न्यायचे असेल तर कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचे चित्र, म्हणजे ब्लीड, द्यावे लागते. १४ गुणिले ९ चे कार्ड ब्लीडसह १४६ गुणिले ९६ मिलिमीटर होते, आणि अशी आडव्या दिशेला दोन आणि उभ्या दिशेला चार, म्हणजे एकूण आठ कार्डे त्या कागदावर व्यवस्थित बसतात. ए-६ चे कार्ड ब्लीडसह १५४ मिलिमीटर लांब होते. दोन शेजारी ठेवली की ३०८ होतात आणि कागद संपतो. केवळ एखाद-दीड सेंटिमीटरच्या मोहापायी कार्डाचा खर्च पुष्कळ वाढतो. दुकानात १३ गुणिले १९ इंचाचा कागद असेल तर ही अडचण येत नाही.

सगळ्या प्रती छापण्यापूर्वी एकच कागद छापून घ्यावा आणि तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून समाधान न मानता बाहेर उन्हात नेऊन पाहावा. तो कापूनही घ्यावा, कारण पुढची आणि मागची बाजू जुळते की नाही, हे कापल्यावरच दिसते. उभ्या कार्डाची मागची बाजू आडवीच ठेवायची असते, आणि तिथे गोंधळ होऊन निम्म्या कार्डांवर पत्ता उलटा येण्याची शक्यता असते. घाईत ही पायरी गाळू नये.

लिहिणे आणि टाकणे

टपालाच्या खिडकीवर तयार कार्ड दाखवून त्याला किती तिकीट लागेल ते विचारावे. सरकारी साध्या पोस्टकार्डाचा दर, खासगी छापील चित्रकार्डाचा दर आणि परदेशी हवाई टपालाचा दर हे वेगवेगळे असतात, आणि दर बदलतही असतात. सिव्हिल लाइन्समधल्या मुख्य टपाल कार्यालयात स्मारक तिकिटे मागून पाहावीत. कार्डाला साजेसे तिकीट मिळाले तर घेणाऱ्याला दुप्पट आनंद होतो. कार्ड पेटीत न टाकता खिडकीवर देऊन शिक्का हाताने, स्वच्छ मारण्याची विनंती करता येते.

महाराष्ट्रात पत्ता मराठीत लिहिला तरी पोहोचतो. दुसऱ्या राज्यात पाठवताना तो इंग्रजीतही लिहावा, आणि परदेशी पाठवताना देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे. पिनकोडचे आकडे इंग्रजी वळणाचे काढावेत, कारण टपाल निवडणारा माणूस किंवा यंत्र आधी तेच वाचते. मजकूर बॉलपेनने, चार-पाच ओळींत लिहावा आणि तो चित्राशी जोडावा: ‘मावशी, तुम्ही ज्या दुकानातून कापड घ्यायच्या ते या गल्लीच्या टोकाला अजून आहे’ असे वाक्य असलेले कार्ड मावशी जपून ठेवतील. कार्ड लिफाफ्यात घालून पाठवू नये. कोपरा थोडा दबतो, शिक्का तिरपा बसतो. पण कोऱ्या, न पाठवलेल्या कार्डापेक्षा मला तेच मोलाचे वाटते.

वाटण्याच्या वाटा

एकट्याने शंभर कार्डे छापून घरात गठ्ठा ठेवण्यापेक्षा आठ जणांनी एकत्र यावे. आठ जणांनी आपले एकेक छायाचित्र दिले की एका कागदावर आठ वेगवेगळी कार्डे बसतात, म्हणजे प्रत्येक कागद कापला की एक पूर्ण संच तयार होतो. असे २४ कागद छापले तर प्रत्येकाला तीन संच मिळतात: एक स्वतःजवळ ठेवायला, आणि दोन पाठवायला. खर्च आठ जणांत वाटला जातो. शाळेच्या वर्गात हा उपक्रम फार चांगला होतो. मुलांना आपल्या वस्तीतली एकच जागा निवडायला सांगावी, आणि हिंगण्याच्या शाळेने कामठीच्या शाळेला, कामठीच्या शाळेने बर्डीच्या शाळेला कार्डे पाठवावीत.

नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत राज्यभरातून लोक येतात, दीक्षाभूमीवर दूरदूरहून अनुयायी येतात, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, विदर्भातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या गावांतून रुग्णांचे नातेवाईक येऊन राहतात. एखाद्या ओळखीच्या पुस्तकाच्या दुकानात किंवा चहाच्या टपरीवर, मालकाला विचारून, कार्डांचा छोटा संच, पेन आणि आधीच लावलेली तिकिटे ठेवता येतात. तिकीट लावलेले कार्ड लोक खरोखर पाठवतात; तिकीट नसलेले पिशवीत घालून घरी नेतात. विक्री करायची असल्यास छपाई, तिकीट आणि दुकानदाराचा वाटा धरून किंमत ठरवावी आणि ती कार्डावर न छापता पाकिटावर लिहावी.

परदेशी अनोळखी लोकांशी कार्डांची देवाणघेवाण करायची असेल, तर २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या उपक्रमात नाव नोंदवता येते. आपण एका अनोळखी पत्त्यावर कार्ड पाठवले आणि ते पोहोचल्याची नोंद झाली की आपला पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी दिला जातो. १ ऑक्टोबर हा दिवस जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळला जातो, आणि नागपुरात पाऊस ओसरून हवा स्वच्छ होण्याचा काळही साधारण तोच असतो. परक्या माणसाला पाठवायच्या कार्डावर चार ओळींत त्या जागेविषयी लिहावे, आणि आपला घरचा पत्ता कार्डावर छापू नये.

छापून झाल्यावर मूळ छायाचित्रे फोनमध्ये तशीच सोडू नयेत. पूर्ण आकाराची फाइल, मागे छापलेली ओळ आणि छपाईची पीडीएफ हे तिन्ही एकत्र, दोन ठिकाणी साठवावे. आपल्याला हरकत नसेल तर ती छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्याखाली चढवावीत, म्हणजे मराठी विकिपीडियावरच्या नागपूरच्या लेखांनाही त्यांचा उपयोग होईल. मात्र कोणाच्या खासगी वाड्याचे छायाचित्र असेल, तर चढवण्यापूर्वी त्यातली स्थळाची नोंद काढून टाकावी आणि घरमालकांना एकदा पुन्हा विचारावे.